पांढरफुली

विजापूर रस्त्यावरच्या नर्सरीत मायाक्काला जो तो ओळखायचा, तो तिने ठेवलेल्या नावांमुळे. माणसांना नावं ठेवण्यात तिला कधी गोडी वाटली नाही, पण झाडांना मात्र तिने आयुष्यभर नावं ठेवली. पांढऱ्या फुलांची कण्हेर ती पांढरफुली. गुलाबी फुलांची ती गुलाबफुली, लाल फुलांची तांबडफुली. गोकर्णीच्या वेलातली निळी ती निळफुली. धोतरा पडला पुरुष, म्हणून तो जांभळफुल्या. बंगल्यांचे माळी, देवळांतले पुजारी, नव्या कॉलनीतल्या बाया, सगळे येऊन हेच शब्द बोलायचे. समोरच्या नर्सरीवाल्यानेही ते उचलले होते. आपले शब्द दुसऱ्याच्या दुकानात गेलेले ऐकून एखादी फुगली असती किंवा भांडली असती. मायाक्काने "म्हणू द्यात की" एवढंच म्हटलं होतं आणि पिशव्यांत माती भरणं चालू ठेवलं होतं.

हे शब्द ती माहेराहून घेऊन आली होती. मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाला, जिथे पाऊस आला तर आला, तिथल्या धनगराच्या घरात तिचा जन्म. नाव चिंचलीच्या देवीचं. घरात मेंढरं, आणि मेंढरांत वाढणाऱ्या पोरीला सगळ्यांत आधी शिकवतात ते हे, की कळपातलं जनावर दुरून ओळखता आलं पाहिजे. काळतोंडी, पांढरकानी, तांबडपाठी. संध्याकाळी कळप आत घेताना बाप म्हणायचा, "तांबडपाठी दिसंना," की मायाक्का काठी घेऊन ओढ्याकडे सुटायची. कोणती तांबडपाठी, कशी दिसते, असं विचारावं लागत नसे. सगळं त्या एका शब्दात आलेलं असे.

लग्न होऊन ती सोलापुरात आली. नवरा सिदू टॉवेलच्या कारखान्यात गाठोडी उचलायचा. एकाच्या कमाईत भागेना म्हणून ती चांदसाबच्या नर्सरीत लागली. चांदसाब माणूस देवासारखा, पण बोलणं असं लांबण लावणारं की ऐकणाऱ्याला जांभई यावी. "मायाक्का, ती सफेद फुलं येणारी जी कण्हेर आहे ना, तिच्या बाजूला लाल फुलं येणारी जी कण्हेर आहे, तिला पाणी दे." वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. मायाक्का एक दिवस वैतागून म्हणाली, "पांढरफुलीच्या बाजूची तांबडफुली म्हणा की, मालक. बोलून बोलून दमत न्हाय का तुमी?" चांदसाब पोट धरून हसला. त्या दिवसापासून नर्सरीची भाषा मायाक्काची झाली.

पण मेंढराचं आणि झाडाचं एक नसतं, हे तिला लवकरच कळलं. मेंढरू जन्मतं तेच कान नि तोंड घेऊन. आधी बघायचं, मग नाव ठेवायचं. कण्हेरीचं उलटं. काडी पिशवीत लावली की पांढरीची कोणती आणि गुलाबीची कोणती, हे कुणाच्या बापाला कळत नाही. पानं तीच, उंची तीच. फूल यायला वर्ष लागतं, आणि गिऱ्हाईक तर आजच पांढरफुली मागत असतं. म्हणजे ज्या फुलावरून नाव ठेवलं ते फूल झाडाच्या अंगावर अजून नाहीच. तेव्हा पांढरफुली म्हणून झाड हातात देणं म्हणजे जबान देणं. मायाक्का देठ बघायची. पांढरीचा देठ फिका हिरवा, गुलाबीच्या देठाला अगदी बारीक तांबूस झाक. सदाफुलीच्या रोपांचंही तसंच, आणि नावंही तीच. ही झाक तिला चालता चालता दिसायची. चांदसाबला जन्मभर दिसली नाही. गिऱ्हाईक खात्री करायला लागलं की तो म्हणायचा, "मायाक्काने सांगितलं म्हणजे झालं." तो अल्लाच्या घरी गेला, मुलगा तन्वीर गल्ल्यावर बसला, आणि वाक्य बापाकडून मुलाकडे आलं.

आता मायाक्का थकली होती. एकदम नव्हे, हळूहळू. सिदू जाऊन बरीच वर्षं झाली होती. गुडघे सकाळी ऐकत नसत आणि दुपारी ऐकल्यासारखं करून संध्याकाळी उट्टं काढत. नळाला पाणी काही दिवसांनी कधीतरी अवेळी यायचं, तेव्हा उठून भांडी भरायची तीच, कारण मुलगा जोतिराम दिवसभर रिक्षा मारून मेल्यासारखा झोपलेला असायचा. सून प्रियदर्शनी वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्याचा लगेच तसा समज होतो. उलट कष्टाळू होती. घराच्या पुढच्या खोलीत तिने पार्लर काढलं होतं, आरसा, खुर्ची, पडदा सगळं लावून. चालायचंही बरं. पण दोनच खोल्यांचं घर. पुढे बायका भुवया कोरून घ्यायला बसलेल्या, मागे स्वयंपाकघर, आणि मागच्या दारात उन्हाचा तवा. दिवसा म्हातारीने बसायचं कुठे? एकदा तापाने ती घरी राहिली होती, तेव्हा पडद्यामागच्या पेटीवर बसून तिने दिवस काढला. एक बाई सुनेला म्हणाली, "कोणीतरी आहे का आत?" सून म्हणाली, "नाही, सासूबाई आहेत." तिने सहज म्हटलं होतं, पण मायाक्काला ते लागलं. दुसऱ्या दिवशी ताप अंगात घेऊनच ती नर्सरीत गेली. नर्सरीत निदान ती कोणीतरी होती.

म्हणून डोळ्यांची गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही.

आधी बसवरच्या पाट्या गेल्या. त्याचं तिला वाईट वाटलं नाही, वाचता तशीही येत नव्हत्याच. मग फिके रंग जायला लागले. लाल लाल दिसायचा, निळा मळकट का होईना निळा दिसायचा. पण पांढऱ्यावर जुन्या धोतरासारखी पिवळट कळा आली, फिकट पिवळं पांढऱ्यात मिसळलं आणि कोवळं गुलाबी दोघांत कुठेतरी बुडून गेलं. देठाची ती झाक तर कधी गेली ते तिला कळलंच नाही. मोतीबिंदू आहे हे तिला ठाऊक होतं, तिच्या आईलाही झाला होता. मोतीबिंदू पिकल्यावरच काढतात असं तिने तेव्हापासून ऐकलेलं, आणि ते तिच्या चांगलं पथ्यावर पडलं. पिकू दे मग, ती मनात म्हणायची. खरी भीती सुरी-कात्रीची नव्हती. डोळा केला की दवाखानेवाले सांगणार धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. नर्सरीत धूळ, वाकणं आणि ओझं सोडून दुसरं असतं काय? तेवढे दिवस तन्वीर दुसऱ्या कुणाला तरी ठेवणार. ते दुसरं कुणी तिच्या जागेवर बसलं, की मायाक्काच्या वाट्याला पेटी.

मग तिने युक्त्या काढल्या. मूळ झाड फुलावर असतानाच त्याला रंगाप्रमाणे चिंधी बांधून ठेवायची, म्हणजे पुढे काड्या कापताना डोळ्यांवर अवलंबून राहायला नको. एके काळी चिंध्या बांधणाऱ्यांना ती हसायची. आता टॉवेलच्या कारखान्यातून काठाच्या टाकाऊ पट्ट्या आणून तिनेच बांधल्या, आणि कुणी विचारलं तर म्हणाली, नव्या पोरास्नी कळाय पायजे की. दुसरी युक्ती तन्वीरवर चालायची. सरळ कधी विचारायचं नाही. हातातलं रोप उचलायचं आणि म्हणायचं, "ही पांढरफुली हिकडंच ठिवू का?"

"ठेवा की, मावशी."

"ह्या गुलाबफुल्या मागं घेऊ?"

"घ्या, मावशी."

तो एकदाही अडला नाही. मायाक्काला मनातल्या मनात बरं वाटायचं. अंदाजाने का होईना, आपलं बरोबर येतंय. डोळ्यांनी साथ सोडली तरी हाताला अजून कळतंय. तन्वीरलाही आपण कसं हातोहात फिरवतो, याचं तिला थोडं हसूही यायचं.

दसरा होऊन गेला होता. पावसाने पाठ फिरवली होती आणि ऊन परत उन्हाळ्यासारखं तापायला लागलं होतं. दुपारची वेळ, हिरव्या जाळीखाली मायाक्का सदाफुलीच्या रोपांतलं तण काढत होती. फाटकातून एक बाई आत आली. चालणं तरातरा, काखेत पिशवी. जवळ येऊन ती उभी राहिली आणि म्हणाली, "ओळखलं का मला?"

मायाक्काने चेहऱ्याऐवजी आवाज ओळखला. मराठी नीट, पण कानडी हेल घेऊन आलेली. "अक्कलकोटच्या बाजूच्या न्हवं तुमी? शिवलीलाबाई. गेल्या दिवाळीच्या वक्ताला दोन पांढरफुल्या नेल्या हुत्या, मालकांच्या समाधीला."

"नेल्या होत्या. पांढरफुली म्हणून तुम्हीच हातात दिल्या होत्या." शिवलीलाबाईंनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेला फुलांचा तुरा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. "वर्षभर पाणी घातलं. विहीर आटली तेव्हा घरातलं पाणी डोक्यावर नेऊन घातलं. परवा फुलली. आता हे काय आहे, ते तुमच्या तोंडाने सांगा."

मायाक्काने तुरा डोळ्यांजवळ नेला. उजेडाकडे वळून बघितला. फूल टवटवीत होतं, पाकळ्या भरलेल्या होत्या. बाईची तक्रार काय आहे तेच तिला कळेना.

"पांढरंच हाय की," ती म्हणाली.

शिवलीलाबाईंचा आवाज चढला. "चेष्टा करता काय माझी? एवढ्या लांबून आले मी, आणि तोंडावर खोटं बोलता?"

"चेष्टा कशाला करू, बाई? चांगलं पांढरं सफेद फूल..."

तन्वीर फोनवर बोलत होता. तो फोन तसाच खिशात टाकून धावत आला आणि मायाक्काच्या हातातून त्याने तुरा जवळजवळ हिसकावूनच घेतला. "ताई, चूक आमची आहे," तो घाईघाईने बोलायला लागला. "मूळ झाडाला रंगाची चिंधी बांधतो आम्ही. टॉवेलची पट्टी, कच्चा रंग. गुलाबी चिंधी होती, उन्हाळ्यात उडून पांढरी झाली. काड्या कापणाऱ्या पोरांना वाटलं, ही पांढरफुलीच. पोरांची चूक, ताई. मावशीचा ह्यात काही संबंध नाही."

बोलणं इतकं सफाईचं होतं की मायाक्कालाही ते पटलं असतं. पण काड्या पोरांनी कापल्या नव्हत्या. त्या तिनेच कापल्या होत्या. आणि त्याच्या बोलण्यातला एकच शब्द तिच्या कानात अडकून बसला होता.

"म्हणजे ही गुलाबी हाय?" तिने विचारलं.

शिवलीलाबाई पुढे आल्या, मायाक्काच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्यांचा सगळा जोर एकदम ओसरला. शेजारी उलटी घातलेली कुंडी होती. तिच्यावर त्या बसल्या आणि पदराने तोंड पुसायला लागल्या.

"दोन गाड्या बदलून भांडायला आले होते मी," त्या म्हणाल्या. "काय काय बोलायचं ते वाटेत ठरवत आले. आता भांडू कुणाशी?"

तन्वीरने माठातलं पाणी आणून दिलं. ते सावकाश पिऊन त्यांनी उरलेलं पाणी सवयीने जवळच्या रोपाला घातलं आणि तांब्या खाली ठेवला. जाळीतून ऊन गाळून येत होतं. रस्त्यावरून उसाने भरलेला ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला.

"आमच्या मालकांचे डोळे पण शेवटी शेवटी असेच झाले," मग त्यांनी सुरुवात केली. "रोज सकाळी लिंगपूजेला बसायचे. पूजेला फूल पांढरंच लागायचं त्यांना, दुसरं चालायचं नाही. हातात फूल दिलं की विचारायचे, बिळी हूवा? पांढरं फूल आहे का? आम्ही शेतात राहणारी माणसं. उन्हाळ्यात पांढरं फूल कुठून आणू मी? जे मिळेल ते द्यायची. गुलाबी, पिवळं. एकदा तर भोपळ्याचं फूल दिलं. आणि म्हणायची, हौद्री, होय, बिळीच आहे. ते बोटाने चाचपायचे आणि वाहायचे."

"त्येंच्या मनाला बरं वाटावं म्हणून बोलला असाल," मायाक्का म्हणाली.

"सगळ्यांना मी तेच सांगते. लेकीला पण तसंच सांगितलं." शिवलीलाबाई थोडं हसल्या, पण त्या हसण्यात जीव नव्हता. "पण खरं सांगू का, आक्का? नाही म्हटलं असतं, तर परत उठून दुसरं फूल हुडकायला जावं लागलं असतं. कंटाळा यायचा मला. दमले होते हो मी. होय म्हणणं सोपं होतं. एक दिवस त्यांनी फूल हातात घेतलं आणि विचारलंच नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही, देईन ते वाहायचे. त्यांना कळलं होतं. मी रोज होय म्हणते म्हणून माझ्या होयला काही किंमत राहिली नव्हती. ते गेल्यावर वाटलं, आता तरी खरं पांढरं फूल मिळू दे त्यांना माझ्या हातून. म्हणून ती पांढरफुली नेली होती."

मायाक्का ऐकत होती. होय म्हणणं सोपं होतं. तिने मान वळवून तन्वीर उभा होता तिकडे बघितलं. तो खाली वाकून एका पिशवीची माती दाबत होता. दाबायची काही गरज नव्हती.

"तन्वीर," ती म्हणाली.

"आं, मावशी?"

"काल सांजंला मी सदाफुल्या लावल्या. पांढरफुली कडंला, गुलाबफुली मधी. बरोबर हुत्या का?"

"होय, मावशी," तो म्हणाला. लगेच म्हणाला. नेहमी म्हणायचा तसाच.

"चांदसाबची आण हाय तुला. बरोबर हुत्या का?"

तन्वीरचा हात थांबला. चाळिशीला आलेला, दोन लेकरांचा बाप, पण चोरी सापडलेल्या पोरासारखं त्याचं तोंड झालं. "तुम्ही घरी गेल्यावर मी देठ बघून नीट लावून घेतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"रोज?"

"रोज."

"कवापासनं?"

"उन्हाळ्यापासून. तुम्ही फिकट पिवळ्या जास्वंदीला पांढरी म्हणालात, तेव्हा कळलं मला."

मायाक्काला आधी संताप आला. उठून त्याच्या पाठीत एक धपाटा घालावा, लहानपणी घालायची तसा, असं वाटलं. मग शरम वाटली. ती आडून आडून विचारलेली सगळी वाक्यं तिला आठवायला लागली. हिकडं ठिवू का, मागं घेऊ का. आपण त्याला फिरवतोय म्हणून मनात हसायचो आपण. आणि हा गडी रोज मुकाट्याने होय म्हणायचा, ती फाटकाबाहेर पडली की तिचं अख्ख्या दिवसाचं काम पुसून परत मांडायचा. उन्हाळ्यापासून तिच्या हातून एक काम धड झालं नव्हतं, आणि हे तिला सोडून नर्सरीतल्या पोरांना, कदाचित समोरच्या नर्सरीवाल्यालाही, ठाऊक होतं. शरमेपाठोपाठ थकवा आला. एवढी दमली होती ती की रडायलाही अंगात बळ नव्हतं.

"सांगायचं हुतंस की मला," ती म्हणाली.

"कसं सांगू, मावशी? सांगितलं असतं की दवाखाना आला, तुमच्या जोतिरामशी बोलणं आलं. तुमचा चेहरा पडलेला बघावा लागला असता. रोज म्हणायचो उद्या सांगू, उद्या सांगू." त्याने शिवलीलाबाईंकडे चोरटी नजर टाकली. "ह्या ताई म्हणतात तसंच. होय म्हणणं आणि मागून रोपं हलवणं सोपं वाटलं."

मायाक्काने खुरपं बाजूला ठेवलं. तिला पुढच्या खोलीतला तो पडदा दिसला, पडद्यामागची पेटी दिसली. आता जे बोलायचं होतं ते बोलल्यावर कदाचित उद्यापासून तिथेच बसावं लागणार होतं. न बोलता चाललंही असतं. तन्वीरने होय म्हणायचं, आपण ऐकायचं, दिवस जातच होते. पण कळप आत घेताना बाप सांगायचा, तांबडपाठी दिसंना. दिसत नाही तर दिसत नाही म्हणायचा. तसं म्हटल्यावरच कुणीतरी उठून ओढ्याकडे जायचं.

"हे बघ," ती म्हणाली, "डोळा करायचा तर करू. मला काढायचं असलं तर काढ. तुजी नर्सरी हाय, मी काय बोलणार न्हाय. पर जोवर हितं हाय तोवर मला उगा व्हय म्हणू नगंस. चुकलं तर चुकलं म्हण. तुजा बाप म्हणायचा, मायाक्कानं सांगितलं म्हणजे झालं. आता माज्या सांगण्यात काय राहिलं न्हाय. निदान तुज्या सांगण्यात तरी ऱ्हाऊ दे."

तन्वीरने मान हलवली. ती मायाक्काला नीट दिसली नसेल असं वाटून मग तोंडाने म्हणाला, "बरं."

तो आत गेला आणि फुलावर आलेली एक पांढरी कण्हेर उचलून घेऊन आला. शिवलीलाबाईंनी फूल बघितलं, पाकळी उलटून बघितली, देठ बघितला. "जुन्या दोन उपटून टाका, ताई," तन्वीर म्हणाला. त्यांनी नकार दिला. वर्षभर डोक्यावरून पाणी नेलेलं झाड उपटायचं म्हणजे काय, असं म्हणाल्या. राहू देत त्याही. त्यांच्या शेजारी ही लावीन.

त्या निघायच्या तयारीत होत्या, एवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. कॉलनीतला एक माणूस हेल्मेट हातात घेऊन आत आला आणि लांबूनच म्हणाला, "मावशी, सदाफुली पाहिजे. पांढरफुलीच द्या, देवाला लागते. मागच्या खेपेसारखी बघून द्या."

सदाफुलीचे वाफे पायाशीच होते, बरीच रोपं अजून फुलायची होती. तन्वीरचं तोंड नेहमीच्या वाक्यासाठी उघडलं आणि तसंच राहिलं.

"माज्या सांगण्यावर नेऊ नगा, दादा," मायाक्का म्हणाली. "मला रंग दिसत न्हाय."

तो माणूस हसला. "काय मावशी, सकाळपासनं कोणी भेटलं नाही वाटतं चेष्टेला. द्या हो. तुम्ही दिली म्हणजे झालं."

मायाक्काला वाटलं, आता काय करावं. खोटं बोलत होतो तेव्हा लोकांनी डोळे झाकून रोपं नेली, आणि खरं बोलायला तोंड उघडलं तर ह्याला चेष्टा वाटते. परत समजावून सांगायचंही तिच्या जिवावर आलं. ती गुडघ्यावर हात टेकून वाकली, वाफ्यातली एक पिशवी उचलली, देठ डोळ्यांपुढे धरला, आणि त्या माणसाकडे न बघता तन्वीरकडे धरून विचारलं. या खेपेला आडून नाही, सरळ विचारलं.

"ही पांढरफुली का?"

तन्वीर वाकला. पिशवी तिच्या हातातच ठेवून त्याने पान बाजूला केलं आणि देठ बघितला. बापाला जे जन्मभर दिसलं नाही ते बघायला त्याला वेळ लागत होता. मोटरसायकलवाला आता हसत नव्हता. शिवलीलाबाई कण्हेरीची पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या.

"नाही, मावशी," तन्वीर म्हणाला. "गुलाबफुली आहे."

मायाक्काने ती पिशवी खाली ठेवली आणि शेजारची उचलली.